यंत्राचा मास्तर

भौतिकशास्त्रात एम.एस्सी., पीएच.डी. करून रायपुरातच राहिलेल्यांना हल्ली एक नवं काम खुणावतं. घर गोलबाजाराच्या गर्दीत असलं तरी अडत नाही. लॅपटॉप हवा आणि विषय पक्का हवा. परदेशी कंपन्यांच्या एआय प्रणालींसाठी अवघड प्रश्न रचायचे, यंत्राची उत्तरं तपासायची, चूक कुठे झाली ते लिहून द्यायचं. काम कंत्राटी, पैसे तासावर किंवा नगावर. आपल्या मराठी घरांतून यावर दोन आक्षेप घेतले जातात. दोन्ही मला मान्य नाहीत.

पहिला आक्षेप : एवढं शिकून ही कारकुनी कशाला? उतारावरून न घसरता गडगडणारा भरीव गोळा घ्या. यंत्र ठोकून देतं : घर्षणबल म्हणजे घर्षणांक गुणिले लंबबल. पुढची आकडेमोड चोख, उत्तर साफ चुकीचं. गोळा घसरतच नाही, म्हणून तिथलं घर्षण स्थितिक. समीकरणं मांडली की ते वजनाच्या उतारालगतच्या घटकाच्या दोन सप्तमांश निघतं. ही चूक नेमक्या ओळीवर पकडायला विषय मुरलेला लागतो. 2023 साली भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रातल्या 448 प्रश्नांचा ‘जीपीक्यूए’ हा संच एआयची पारख करायला आला. प्रश्न कंत्राटावर घेतलेल्या तज्ज्ञांनीच लिहिले होते. त्या त्या विषयाच्या तज्ज्ञांची 65 टक्के उत्तरं बरोबर आली. इतर विषयांतल्या जाणत्यांची, इंटरनेट हाताशी असूनही, 34 टक्के. याला कारकुनी म्हणायचं?

दुसरा आक्षेप : यंत्राला शिकवून आपण आपल्याच पोटावर पाय आणतो. ही भीती पोकळ नाही. पण रायपूरने नकार दिला म्हणून यंत्राचं शिक्षण थांबणार नाही. उद्या आपलाच विद्यार्थी त्याला शंका विचारेल आणि चुकीचं घर्षण शिकून उठेल. शिवाय कोणतं गृहीतक कुठे कोसळतं हे पारखण्याचा सराव भौतिकतज्ज्ञाला पुढच्या कुठल्याही कामात उपयोगी पडतो.

झगडायचं आहे ते अटींशी. प्रकल्प रातोरात बंद होतो. सूचना वाचण्यात, पात्रता चाचणीत गेलेल्या वेळेचे पैसे अनेकदा मिळत नाहीत. लिहिलेल्या प्रश्नावर नाव नसतं. गोलबाजारातला व्यापारी भाव ठरल्याशिवाय माल तोलत नाही. आपल्या तज्ज्ञांनीही तोलू नये. प्रत्येक तासाचा मोबदला, काम नाकारलं तर लेखी कारण, बंद करण्याआधी पुरेशी सूचना आणि शेवटी अनुभवपत्र, एवढं करारात आधीच लिहून घ्यावं. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराला कायद्यात जागा दिली. तिचं संरक्षण या तज्ज्ञांपर्यंतही पोहोचलं पाहिजे.

एकट्यादुकट्याने हे साधणार नाही. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागाने आणि रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाने वकील, सनदी लेखापाल आणि हे काम करणारी मंडळी यांना एकत्र बसवून करारांचं जाहीर वाचन ठेवावं. यंत्राला शिकवणारा शिक्षकच असतो. शिक्षकाचा मान आणि शिक्षकाचे हक्क त्याने मागून घ्यावेत, आणि आपण सगळ्यांनी त्याच्या पाठीशी उभं राहावं.