आवाज तुटला की लाइन वाढवा!

परवा पुन्हा तेच ऐकलं. "फोनवर आवाज तुटतोय? इंटरनेटची लाइन वाढवून घ्या." डोकंच फिरलं. म्हणून आज शनिवारची झोप सोडून लिहायला बसलोय.

इथे कांदिवली पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये ओळखीच्यांचं ऑफिस आहे, गोडाऊन भोसरीला. दोन्हीकडे आयपी फोनची एकेक सिस्टीम, मधे इंटरनेटवरून व्हीपीएन. इथून तीन आकडे दाबले की तिकडे घंटी वाजते. सोय झकास, पण इथलं बोलणं तिथे तुटक तुटक पोचायचं. एकदा इथून सांगितल्या "एकोणसाठ" पेट्या, तिथे ऐकू आलं "एकोणसत्तर". दहा पेट्या जास्त निघाल्या, आणि परतीचं भाडं डिस्पॅचच्या दादांच्या पगारातून कापायचं ठरलं. वर "ऐकू येत नाही का तुम्हाला?" हे आहेच.

फोन बसवणाऱ्याने काय केलं? स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट पाठवला आणि २० एमबीपीएसची लाइन ५० करायला लावली. फरक शून्य!

आता जरा हिशोब करू. जी.७११ कोडेकमध्ये एका कॉलचा आवाज म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. पॅकेटची हेडरं आणि व्हीपीएनचं वेष्टन धरून सव्वाशेच्या आसपास. एका वेळी चार कॉल चालले तरी अर्धा एमबीपीएस. २० मध्ये अर्धा मावत नव्हता म्हणून ५० घेतले? मग कॅल्क्युलेटर कशाला ठेवलाय?

आवाजाला रुंदी फार लागत नाही, वेळेवर पोचणं लागतं. सेकंदाला ५० पॅकेटं, दर २० मिलिसेकंदांनी एक. कांदिवली स्टेशनवर रोज उभं राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तासाभरात ठरलेल्या तेवढ्या लोकल आल्या, पण वीस मिनिटं एकही नाही आणि मग तीन पाठोपाठ, तर आपला लेट मार्क पक्का. पलीकडचा फोन थोडी वाट बघतो, त्यासाठी त्यात छोटासा बफर असतो. त्यापेक्षा उशिरा आलेलं पॅकेट तो सरळ फेकून देतो, कारण तो शब्द बोलून होऊन गेलेला असतो.

खरा धागा सापडला रिसेप्शनच्या काकूंच्या वहीत. त्यांनी महिनाभर वेळा लिहून ठेवल्या होत्या. बहुतेक सगळ्या सकाळी अकराच्या आणि दुपारी चारच्या आसपासच्या. खाली लिहिलेलं, "आपल्याला नीट ऐकू येते, त्यांना येत नाही." ही वही कोणी मागितलीच नव्हती! एका वाक्यात अर्धं काम झालं की हो. बिघाड इथून बाहेर जाणाऱ्या दिशेत.

दोन्हीकडे वायरशार्क लावलं. इथल्या फोनमधून पॅकेटं एकसारखी निघत होती, भोसरीत मात्र घोळक्याने, मधे खड्डे. अकरा आणि चारला डिझाइनवाल्यांची ड्रॉइंग्ज क्लाउडवर चढतात. असलं अपलोड मिळेल तेवढं खातं, २० द्या नाहीतर ५० द्या. राउटरच्या रांगेत आवाजाची चिमुकली पॅकेटं त्या फायलींच्या मागे ताटकळत उभी!

इलाज फुकटचा निघाला. बाहेर जाणारा वेग राउटरमध्ये लाइनच्या क्षमतेपेक्षा थोडा कमी बांधला, म्हणजे रांग इंटरनेटवाल्याच्या खोक्यात न लागता आपल्या हातात राहते. मग त्या रांगेत आवाजाला पहिला मान. गंमत म्हणजे फोन बिचारे आधीपासून प्रत्येक पॅकेटवर डीएससीपी ४६ची खूण करत होते. व्हीपीएनच्या वेष्टनात ती झाकली जायची. ती वरच्या हेडरवर उतरवून घेतली, झालं.

विक्रेत्याचं एक वेळ समजतं, त्याला लाइन विकायची असते. राग येतो तो आपल्याच जातभाईंचा. निवांत वेळी, रिकाम्या लाइनवर स्पीड टेस्ट करायची, हिरवा आकडा दाखवायचा आणि माणूस खोटं बोलतोय असं ठरवून मोकळं व्हायचं. अरे, चार वाजता कधी फोन लावून बघितलास?

असो. कापायची रक्कम साहेबांनी मागे घेतली, पण वहीचा फोटो आणि दोन आलेख समोर ठेवल्यावरच. दादा अजूनही आकडा सुटा सुटा सांगायला लावतात, "पाच, नऊ". मी त्यांना थांबा म्हणालो नाही.