आजारपणाची रजा कोणास?

दीर्घ आजाराचा खरा घाला पुरुषावरच पडतो, कारण त्याची कमाई थांबते व पत ओसरते, आणि स्त्री मात्र घरातच असल्यामुळे तिला हवी तेव्हा पाठ टेकता येते, असे रायपूरच्या गोल बाजारात दुकानदारी करणारे सुज्ञ गृहस्थही बोलताना आढळतात. यातील पूर्वार्ध मी नाकारीत नाही. ज्याच्या शब्दावर उधारी चालत होती त्यास औषधासाठी मुलापुढे हात पसरावा लागणे, ही यातना लहान नव्हे. वाद आहे तो उत्तरार्धाशी.

समाज रोग्यास त्याच्या नित्य कर्तव्यांतून सूट देतो, असे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅलकॉट पार्सन्स यांनी 1951 साली प्रतिपादिले. परंतु ही सूट कोणाच्या नावे मंजूर होते, हे एखाद्या पेढीवर दुपारी उभे राहिल्यास कळते. मधुमेहाने पाय बधिर झालेले शेठ लोडास टेकून बसलेले असतात, पोती गडी उचलतो, वही पुतण्या लिहितो, आणि तांदळाच्या या मुलखात भाताऐवजी भाकरीचा, पथ्याचा डबा घरून वेळेवर येतो. तो करणारीस आमवात असतो. हा रोग स्त्रियांत पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळतो. सकाळी तास-दीड तास तिची बोटे मिटत नाहीत, ओले कपडे पिळवत नाहीत, कुकरचे झाकण काढण्यास मुलाला हाक मारावी लागते, तरी तिच्या जागी बदली माणूस द्यावा हे कोणास सुचत नाही.

2019 च्या सरकारी पाहणीत बिनवेतन घरकाम करणाऱ्या स्त्रियांची त्यात दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे जातात असे दिसले, पुरुषांची 97. घर हेच जिचे कामाचे ठिकाण, तिला घरी राहिल्याने रजा कशी मिळावी?

ती हे प्रेमाने करते, असे कोणी म्हणेल. करते खरेच, पण प्रेम एकाच दिशेने का वाहावे? 1995 ते 2021 या काळात देशात नोंदल्या गेलेल्या 36,640 अवयवरोपणांपैकी 29,000 हून अधिक पुरुषांवर झाली, स्त्रियांवर अवघी 6,945. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र बहुसंख्या स्त्रियांचीच.

आजारी पुरुषाचे काम थांबते आणि थांबल्याचे दुःख त्यास होते. आजारी स्त्रीचे काम थांबतच नाही, म्हणून तिच्या दुखण्याची नोंदही होत नाही. तेव्हा माझी विनंती आहे की, गादीवर बदली माणूस बसविताना जी तत्परता आपण दाखविता ती घरीही दाखवावी: कणीक मळणे, पाणी भरणे व कपडे पिळणे ही कामे तिच्याकडून काढून कोणाकडे द्यावयाची हे याच आठवड्यात ठरवावे, आणि त्यांत पहिले नाव स्वतःचे घालावे.