मतयंत्राला हेलिकॉप्टर, रुग्णाला खाट!

दिल्लीचे कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम हे अंतर सात मिनिटांत तोडणारी विजेची हवाई टॅक्सी सुरू करण्याचा मनोदय इंटरग्लोब आणि अमेरिकेतील आर्चर या कंपन्यांनी २०२३ च्या नोव्हेंबरात जाहीर केला. तेव्हापासून महानगरांतील सुखवस्तू मंडळींना आकाशमार्गे कचेरीस जाण्याची स्वप्ने पडू लागली आहेत. स्वप्नांना आमची हरकत नाही. परंतु या वाहनाची खरी निकड कोणाला आहे, हा प्रश्न महाराष्ट्राने स्वतःला विचारला पाहिजे.

त्याचे उत्तर भामरागडात आहे. पर्लकोटेला पूर आला की हा तालुका जगापासून तुटतो. २०२४ च्या पावसाळ्यात याच तालुक्यात एका गरोदर स्त्रीला जेसीबीच्या बकेटीत बसवून नाला ओलांडावा लागला. रुग्णाला खाटेवर घालून मैलोगणती वाहून नेणे, हे तर तेथील नित्याचेच दृश्य! उलट निवडणूक आली की त्याच गडचिरोलीच्या अरण्यात मतदान पथके आणि मतयंत्रे हेलिकॉप्टरने पोचतात. लोकशाहीसाठी ते योग्यच आहे. पण मत आणण्यासाठी जे आकाश खुले होते, ते मतदाराचा जीव वाचविण्यासाठी बंद का असावे?

हेलिकॉप्टरचा खर्च भारी, हे खरे. विजेचे वाहन तुलनेने स्वस्त पडेल, असे त्याचे निर्माते म्हणतात. अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयापासून भामरागड सुमारे ७० किलोमीटर. एवढी मजल या वाहनांच्या आवाक्यातील आहे. चेन्नईच्या ई-प्लेन कंपनीशी २०२५ मध्ये ७८८ हवाई रुग्णवाहिकांचा करारही झाला आहे.

तथापि भाबडेपणा नको. जर्मनीच्या व्होलोकॉप्टरला २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये प्रवासी नेण्याची परवानगी मिळाली नाही आणि त्याच वर्षअखेर तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. शिवाय ज्या मुसळधार पावसात रस्ता बुडतो, त्याच पावसात हे हलके वाहनही जमिनीवर अडकण्याचा संभव आहे. म्हणून पूल आणि रस्ते यांना हा पर्याय नव्हे. विमान येणार म्हणून पूल लांबणीवर टाकणे, ही शुद्ध वंचना ठरेल.

मग आज काय करावे? २०२१ मध्ये मणिपुरात लोकटक सरोवरातील कारांग बेटावर ड्रोनने लस पोचविण्यात आली. सर्पदंशावरील लस आणि तातडीची औषधे अशाच रीतीने दुर्गम आरोग्य केंद्रांत पोचविण्यास आजही अडचण नसावी. आणि हवाई टॅक्सीला परवाने देण्याची वेळ येईल तेव्हा शासनाने एक अट घालावी: महानगरात नफा कमावणाऱ्याने वनजिल्ह्यांत रुग्णसेवा दिलीच पाहिजे.

२९२० मेगावॉट क्षमतेचे चंद्रपूरचे औष्णिक केंद्र राज्याला वीज पुरविते. धूर आणि राख मात्र चंद्रपूरच्या वाट्याला येते. त्या विजेवर शहरातील श्रीमंतांनी खुशाल उडावे. पण शेजारच्या गडचिरोलीची गरोदर माता नाल्याकाठी ताटकळत असेल, तर त्या उड्डाणाला प्रगती म्हणण्यास आम्ही तयार नाही!