हस्की मागणाऱ्या मुलांच्या आईस

मनीषनगरमधल्या एका आईने विचारलं आहे: मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट. दोघांनाही हस्की हवा आहे. आणावा का?

नको, ताई. हस्की सायबेरियातला, बर्फावरून गाडी ओढणारा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आपल्याकडे नागपुरात मे २०१३मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि नवतपा कसा असतो हे तुम्हाला मी सांगायला नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं, हीच त्याची अंग निववायची मुख्य वाट. म्हणून पगचेही उन्हाळ्यात हाल होतात. त्याचे केस आखूड असले, तरी बसक्या नाकातून हवाच नीट जात नाही. हच मोबाइलच्या जाहिरातीत मुलामागे दुडूदुडू चालणारा पग २००३मध्ये घराघरांत आवडता झाला. त्याची धाप मात्र कुणी दाखवली नाही.

‘एसी लावून ठेवू’ असं लोक म्हणतात. दिवसातून तीनदा त्याला खाली तर न्यावंच लागेल ना? दुपारी हाताची मागची बाजू डांबरावर पाच सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल, तर त्याचे पंजेही तिथे टेकायला नकोत. आणि ज्या घरात फक्त कूलर आहे, तिथे पहिला पाऊस पडल्यावर काय होतं? कूलर नुसती दमट हवा फेकतो, आपलाच जीव घाबरा होतो.

तुमचा दुसरा प्रश्न होता, मुलांना न चावणारी जात कोणती. केंद्राने १२ मार्च २०२४ला २३ जातींवर बंदी आणायचं पत्रक राज्यांना धाडलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते एप्रिलमध्ये रद्द केलं. पण त्या यादीमुळे बऱ्याच पालकांच्या मनात बसलं की यादीबाहेरचा कुत्रा म्हणजे निर्धोक. तसं नाही हो. लॅब्रॅडॉर मुलांत रमणारा खरा, पण झोपलेला असताना अंगावर मूल पडलं तर तोही दात लावू शकतो. मुलांना चावतो तो बहुतेकदा ओळखीचाच कुत्रा. आधी तो सांगत असतो. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, उगाच जांभई देतो, अंग ताठ करतो. मग गुरगुरतो. गुरगुरल्याबद्दल त्याला मारू नका. मारलंत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. सहा वर्षांच्या मुलाला इतकंच शिकवा: तो जेवताना जवळ जायचं नाही, झोपला असेल तर उठवायचं नाही, गळ्याला मिठी मारायची नाही. आणि मोठं माणूस खोलीत नसताना दोघांना एकत्र सोडायचं नाही, मग जात कुठलीही असो.

माझं मत विचाराल तर गावठी पिल्लू आणा. अंगावर आखूड केस, लांब नाक, आणि पिढ्यान्पिढ्या याच उन्हात जगलेलं रक्त. तो घराची राखण करतो, परक्याला भुंकतो. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. रस्त्यावर मोठा झालेला कुत्रा एकदम फ्लॅटमध्ये कोंडला तर त्याला ते जड जातं, म्हणून पिल्लूच बरं. विक्रीच्या पिल्लांसाठी २०१७च्या नियमांनी आठ आठवड्यांची अट घातली आहे. गल्लीतल्या पिल्लालाही तेवढे दिवस आईजवळ राहू द्या. भावंडांशी खेळतानाच ते हलकं चावायला शिकतं. पिल्लं बघायला मुलांना घेऊन जा, पण लांबून. व्यालेली कुत्री पिल्लांसाठी धावून येते. ओरखडा जरी उठला, तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्यायला दवाखाना गाठा. पिल्लू घरी आणलं की सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवून लसी सुरू करा. तीन महिन्यांचं झालं की रेबीजची.

एक गोष्ट तुमच्या पत्रात कुठेच नव्हती: फिरवणार कोण? मुलं हौसेने हो म्हणतील, पण मार्चमध्ये परीक्षा असते. तीस किलोचा लॅब्रॅडॉर मांजरीमागे झेपावला, तर साखळी धरलेल्या आजोबांचं काय होईल? आणि मुलगी अठराची होऊन पुण्याला शिकायला जाईल तेव्हा कुत्रा नऊ वर्षांचा असेल, त्याचे सांधे दुखू लागले असतील. पहाटे सहाला, ऊन चढायच्या आत, त्याला तीन जिने उतरवायचं काम तुम्हा आई-बाबांवरच येईल. तेव्हा मुलांना काही कबूल करण्याआधी तुम्ही दोघं निवांत बसून बोला.

गल्लीतल्या कुत्र्या बहुधा हिवाळ्यात वितात. तुमच्या भागात कुणाच्या पार्किंगमध्ये पिल्लं दिसली तर कळवा. बघायला मी येईन.