न्हाणीघरातील पोकळ फरशी

घरातील ज्येष्ठांसाठी न्हाणीघरात आधाराचे दांडे बसविले, उंबरा काढला, की आपले कर्तव्य संपले असे आपण समजतो. आमच्या घरी सासूबाईंचा दांडा एके दिवशी किंचित हलला. पाहिले तर भिंतीची फरशी मागून पोकळ झालेली. नाण्याने ठोकत गेल्यास पोकळी आवाजावरून कळते. अशा ठिकाणी केवळ स्क्रू आवळणे धोक्याचे. दांडा उतरवून, फरशी काढून, मागची भक्कम वीट वा काँक्रीट गाठावे व तेथेच अँकर बसवावा. शरीराचा भार भिंतीने पेलायचा असतो, फरशीने नव्हे.

जमिनीचे नुकसान मात्र बहुधा आपल्याच हातून होते. शहाबादी हा चुनखडीचा दगड. अ‍ॅसिडने तो झिजतो, सांध्यांतील सिमेंटही खाल्ले जाते. मग तेथे पाणी मुरते, शेवाळ धरते. शेवाळ अनंतकाय, उगवल्यावर खरवडण्यापेक्षा ते उगवूच न देणे हीच खरी जयणा. म्हणून चातुर्मासापूर्वीच सांधे मोकळे करून, पूर्ण वाळवून इपॉक्सी ग्राउट भरून घ्यावे.

तडकलेली फरशी बदलताना खरखरीतच निवडावी (दुकानदार चकचकीत पुढे करतो). तिचा काठ पायाला वा चाकाच्या खुर्चीला अडू नये. बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडेच वाहते ना, हेही पाहावे.

सासूबाईंनी काही दिवस शेजारी स्नान केले. घरी पुन्हा न्हाणीघरात शिरताच त्यांनी प्रथम दांडा दोन्ही हातांनी ओढून पाहिला.