गाडी उघडून पाहण्याचा हक्क

मोटारीचे इंजिन कसे चालते, असा प्रश्न परीक्षेत आला तर तुमच्यापैकी बरेच जण चार आकृत्या काढून मोकळे होतील. दट्ट्या खाली गेला, पेट्रोल व हवेचे मिश्रण आत आले. दट्ट्या वर आला, मिश्रण दाबले गेले. ठिणगी पडली, दट्ट्या खाली ढकलला गेला. तो पुन्हा वर आला आणि धूर बाहेर पडला. गुणही पुरे मिळतील. पण समजा, उद्या कोणी तुमच्यापुढे एक बंद पडलेले इंजिन आणून ठेवले आणि हे का चालत नाही ते सांगा, असे म्हटले तर? आकृतीत न दाखवलेल्या शंभर गोष्टी तिथे असतात. माझे स्पष्ट मत असे, की त्या शंभर गोष्टींत जेवढे विज्ञान आहे तेवढे त्या चार आकृत्यांत नाही. आणि ते शिकण्याची वाट आपण सर्वांनी मिळून, म्हणजे शाळांनी, पालकांनी आणि कारखानदारांनी, हळूहळू बंद करीत आणली आहे.

ही वाट कशी असते ते पाहण्यासाठी जरा इंग्लंडात जाऊ. तिथे जुन्या स्पोर्ट्स मोटारी घरच्या गॅरेजमध्ये सुट्या करून पुन्हा उभ्या करण्याचा छंद अनेकांना आहे. कारकून, शिक्षक, निवृत्त माणसे असे सगळे तो करतात, आणि एकेका गाडीला वर्षानुवर्षे देतात. अशांची एक आवडती गाडी म्हणजे ऑस्टिन-हीली स्प्राइट. १९५८ ते १९६१ या काळात तिचा पहिला नमुना निघाला. सुमारे ४९ हजार गाड्या बनल्या. बॉनेटवर उभारलेल्या दोन गोल दिव्यांमुळे लोक तिला बेडूकडोळी म्हणू लागले. गाडी स्वस्त पडावी म्हणून दाराला बाहेरून मूठ नाही, मागच्या सामानाच्या जागेला झाकण नाही. जादा चाक हवे असेल तर सीटच्या मागून आत शिरायचे! इंजिन एका लहान घरगुती मोटारीचे, ९४८ घनसेंटिमीटरचे; दोन कार्ब्युरेटर लावून त्यातून ४३ अश्वशक्ती काढलेली. आजची साधी छोटी मोटारसुद्धा याहून अधिक शक्ती देते. पण गाडीचे वजन जेमतेम ६६० किलो, म्हणून ती चपळ. शिवाय पुढचा सगळा भाग, मडगार्ड आणि दिव्यांसकट, एका झाकणासारखा उचलता येतो. इंजिन समोर उघडे!

या गाडीशी एका शाळकरी मुलाची गोष्ट जोडलेली आहे. जॉन हेन्स त्याचे नाव. १९५० च्या दशकात केंट परगण्यातल्या शाळेत असताना, रग्बीच्या मैदानाऐवजी जुनी ऑस्टिन सेव्हन मोडून तिची छोटी स्पोर्ट्स मोटार करण्याची परवानगी त्याने मिळवली. ती कशी केली याची एक पुस्तिकाही त्याने १९५६ मध्ये काढली. तिच्या प्रती हातोहात खपल्या. पुढे तो हवाई दलात गेला. १९६५ मध्ये एडन येथे असताना एका सहकाऱ्याची खिळखिळी झालेली स्प्राइट दुरुस्त करायची होती. कंपनीचे माहितीपुस्तक होते, पण ते कंपनीच्या कार्यशाळेतल्या शिकलेल्या कारागिरांसाठी लिहिलेले. नवख्या माणसाला त्याचा उपयोग थोडा. तेव्हा हेन्सने कॅमेरा घेतला आणि गाडी उघडताना व जोडताना टप्प्याटप्प्याने छायाचित्रे काढली. त्यातून १९६६ मध्ये स्प्राइटचे पुस्तक निघाले. पुढे शेकडो गाड्यांची अशी पुस्तके आली आणि त्यांच्या कोट्यवधी प्रती खपल्या. पद्धत एकच: गाडी घ्यायची, संपूर्ण उघडायची, पुन्हा जोडायची आणि मगच लिहायचे. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांना हीच अट घातली तर काय होईल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो!

आता प्रत्यक्ष गाडीकडे वळू. स्प्राइटचा पहिला शत्रू गंज. तिकडे हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते खारे पाणी आणि चिखल दाराखालच्या पोकळ पेटीत जाऊन बसतात. पेटी कुठे आधी सडेल? तुम्ही म्हणाल, जिथे हवा जास्त लागते तिथे. गंमत अशी, की घडते उलटे. चिखलाखालच्या लोखंडाला ऑक्सिजन कमी मिळतो, शेजारच्या उघड्या भागाला जास्त. मधल्या खाऱ्या पाण्यामुळे तिथे जणू एक छोटा विद्युत्‌घट तयार होतो. कमी ऑक्सिजनचा भाग धनाग्र बनतो, तिथले लोखंड इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरते. ते इलेक्ट्रॉन उघड्या भागाकडे जाऊन तिथे ऑक्सिजन आणि पाणी यांच्यापासून हायड्रॉक्साइड बनवतात. झाकलेला भाग आतून पोखरला जातो आणि वरचा रंग मात्र साबूत दिसतो. म्हणून गंजावर रंग फासणे ही फसवणूक आहे. चकचकीत धातू दिसेपर्यंत सडका पत्रा कापायचा, नवा जोडायचा, पोकळीत मेण भरायचे आणि पाणी निघण्याची भोके तारेने मोकळी ठेवायची. या शेवटच्या कामाला एक पैसाही लागत नाही, आणि नेमके तेच लोक विसरतात. रत्नागिरी-मालवणकडच्या वाचकांनी घराच्या खिडकीचे गज चौकटीत जिथे रुतले आहेत तिथे जरूर पाहावे.

पण पत्रा कापण्याआधी आणखी एक विचार करावा लागतो. या गाडीला छप्पर नाही. छप्पर असलेल्या गाडीत वरचा सांगाडा भार वाटून घेतो. इथे पुढचे आणि मागचे वजन मधल्या भागाला वाकवू पाहते आणि दाराखालच्या त्या दोन पोकळ पेट्या तुळईसारखा तो भार पेलतात. घाईने दोन्ही पेट्या एकदम कापल्या तर गाडी मधोमध खचते, आणि मग नवीन पत्रा कितीही सुरेख जोडला तरी दारे लागत नाहीत. जाणता माणूस दाराच्या जागेत आधी आडवा आधार बसवतो, एका वेळी एकच बाजू कापतो आणि दर थोड्या वेळाने दार लावून फट मोजतो.

मोजमापाचेही तसेच. या गाडीचे बोल्ट इंचांच्या मापाचे. अर्ध्या इंचाच्या डोक्याला १३ मिलिमीटरचा पाना बसतो असे वाटते. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. उरलेल्या ०.३ मिलिमीटरमध्ये पाना सरकतो, आणि गंजलेल्या बोल्टचे कोपरे गोल होऊन बसतात. पुढे इंजिनाच्या डोक्याचे नट मधून कडेकडे क्रमाने आवळायचे, साधारण ५४ न्यूटन-मीटरपर्यंत. हा आकडा पुस्तकात निर्जीव वाटतो. ३० सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे १८ किलो वजन टांगले तर तेवढा पीळ बसतो, हे कळले की हाताला त्याचा अर्थ समजतो.

कार्ब्युरेटर तर मला सर्वांत लोभस वाटतो. त्यात एक जड दट्ट्या असतो आणि त्याच्या तळाला निमुळती होत गेलेली सुई. इंजिन जास्त हवा ओढू लागले की वरच्या पोकळीतला दाब कमी होतो, दट्ट्या उचलला जातो, हवेची वाट रुंदावते. त्याच वेळी सुई वर सरकून पेट्रोलचे छिद्रही मोकळे होते. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण आपोआप राखले जाते. ना संगणक, ना वीज. असे दोन कार्ब्युरेटर समान ओढतात की नाही ते कसे ओळखायचे? रबरी नळीचा तुकडा घेऊन एक टोक कानाशी धरायचे, दुसरे आळीपाळीने दोघांच्या तोंडाशी. सूं सूं आवाज सारखा आला की जमले.

अशा छंदिष्टांत एक पंथ आहे, ‘सगळे मूळचेच हवे’ म्हणणारा. त्यांच्याशी माझे पटत नाही. त्या काळी ब्रेकच्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांना घातक. जुन्या ब्रेकची धूळ फुंकून उडवणे हा शुद्ध अविचार होय. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे. इंजिनातील झडपा आणि त्यांच्या बैठकी यांच्यामध्ये त्याचा थर बसून झीज कमी होई, पण तेच शिसे धुरातून मुलांच्या शरीरात जाऊन मेंदूला अपाय करी. ब्रिटनमध्ये आणि आपल्याकडे २००० मध्ये ते बंद झाले. तेव्हा झडपांना कठीण पोलादाच्या बैठकी बसवल्या, आणि जुन्या गाड्या चालतच राहिल्या. २०२१ पासून तिकडच्या नेहमीच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होतात, म्हणून नळ्या बदलायच्या. गाडीचे रूप जपावे. तिच्यातले विष जपण्याचे कारण नाही.

तुम्ही म्हणाल, हा श्रीमंतांचा शौक झाला. आज बेडूकडोळी महाग आहे, हे खरे. तिचा धूर आजच्या गाडीपेक्षा घाणेरडा, हेही खरे. रोजच्या वापरासाठी मी तिची वकिली करणार नाही. आजच्या इंजिनात संगणक आहे तो स्वच्छ धुरासाठीच, आणि तो काढून टाका असे कोणी शहाणा म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे. गाडीत दोष काय, हे तो संगणक सांगतो. पण ते वाचण्याची किल्ली मालकाला का मिळू नये? अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये हा हक्क मतदान करून मागून घेतला. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी एक संकेतस्थळही सुरू केले. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. मागणी करणारे लोक हवेत, आणि ज्याने आयुष्यात एकही यंत्र उघडलेले नाही तो अशी मागणी कशाला करील?

म्हणून शिक्षकांना एक सूचना. एप्रिल २०२० मध्ये धुराचे नवे नियम लागू झाल्यावर नव्या दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. कार्ब्युरेटरच्या जुन्या स्कूटर भंगारात जात आहेत. आणखी काही वर्षांनी शोधूनही सापडणार नाहीत. एक इंजिन शाळेत आणून ठेवा. हुशार मुलाने हात काळे करायचे नाहीत, ही समजूत त्या टेबलावर फार दिवस टिकणार नाही. तेल आणि पेट्रोल आधी संपूर्ण काढून घ्या; काढलेले तेल मोरीत ओतू नका, गॅरेजवाल्याकडे द्या. प्रत्येक सुट्या भागाला चिठ्ठी बांधा, आणि उघडण्याआधी कोणालातरी कॅमेरा धरून शेजारी उभे करा.