घरासाठी साधं रिव्हॉल्व्हरच

शस्त्रपरवाना हातात पडला की बहुतेकांची नजर आधी पिस्तुलावर जाते. रिव्हॉल्व्हर जुनाट, त्यात गोळ्या सहाच. पिस्तूल चपटं, आधुनिक, एक-दोन गोळ्या जास्त. मला हे पटत नाही. सैन्य-पोलिसांचं 9 मिमी आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, त्यामुळे सामान्य माणसाची निवड बहुधा .32 मध्येच होते. आणि त्यात घराच्या रक्षणासाठी मी रिव्हॉल्व्हरच सुचवेन.

पिस्तूल वाईट म्हणून नव्हे. आपला सराव तोकडा म्हणून. परवान्यावरच काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. वर्षाकाठी रेंजवर पन्नास बार काढणारेही थोडेच. अशा माणसाच्या हातात पिस्तुलाचा बार फुसका गेला तर स्लाइड मागे खेचून ते काडतूस बाहेर काढावं लागतं, तेही रात्री दोन वाजता, अंधारात, घामेजलेल्या हातांनी. रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की सिलिंडर फिरतो, पुढचं काडतूस समोर येतं.

त्याहून मोठी भीती मॅगझिनची. मॅगझिन काढलं म्हणजे पिस्तूल रिकामं झालं, असं जाणती माणसंही समजतात. चेंबरमध्ये एक गोळी तशीच बसलेली असू शकते. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर उघडा: सहाची सहा भोकं डोळ्यांना दिसतात, बोटाने चाचपताही येतात.

यावर हमखास अभिनेते गोविंदा यांचं उदाहरण पुढे केलं जातं. ऑक्टोबर 2024 मध्ये जुहूच्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी त्यांच्या पायात घुसली. ते हातातून पडलं आणि बार उडाला, असं सांगण्यात आलं. आक्षेप खरा आहे, मी तो टाळत नाही. जुन्या किंवा झिजलेल्या रिव्हॉल्व्हरचा घोडा काडतुसावरच टेकून राहू शकतो. पडलं की आघात थेट बसतो. चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोड्याचा आघात पुढे पोचू नये, अशी सोय नव्या बनावटीत मिळते. ती दुकानदाराकडून उघडून दाखवून घ्या. वडिलोपार्जित हत्यार असेल तर आधी जाणत्या कारागिराकडून तपासून घ्या, आणि घोड्याखालचं भोक रिकामंच ठेवा.

आता हलकेपणा. कानपूरच्या कारखान्याचं ‘निर्भीक’ 2014 साली स्त्रियांसाठी म्हणून आलं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पर्समध्ये वागवायला ते सोयीचं असेल. पण घरचं हत्यार वागवायचं कुठे असतं? तेच काडतूस हलक्या हत्यारात जास्त धक्का देतं, नळी वर उसळते आणि दुसरा बार भलतीकडे जातो. वजन हाताला मदतच करतं.

आणि हत्यार उशाखाली नको. भिंतीत पक्क्या बसवलेल्या लहान तिजोरीत हवं, किल्ली अंगावर. घरात मूल असेल तर यावर मी चर्चाही करत नाही.

माझी मामेबहीण शेतावर राहते. तिलाही हलकंच हवं होतं. दुकानात हलकं आणि जड अशी दोन्ही रिव्हॉल्व्हरं रिकामी करून, सिलिंडर दोनदा तपासून, मी तिला कोऱ्या भिंतीकडे नळी धरून दहा-दहा वेळा चाप ओढायला लावला. हलक्याची माशी चौथ्या वेळेपासूनच थरथरू लागली. जड रिव्हॉल्व्हर दहाव्या वेळीही स्थिर होतं. तिने ते खाली ठेवलंच नाही. तसंच हातात धरून दुकानदाराला किंमत विचारली.